भात खाल्ला म्हणून बाळाची जनुकं बदलत नाहीत

मावशी, नमस्कार.

माझ्या मुलाला गेल्या आठवड्यात चार महिने पूर्ण झाले. फक्त अंगावरचं दूध पितो, वजनही चांगलं वाढतंय. आम्ही नाशिकला असतो, घरात सगळे शाकाहारी. बाळंतपणापासून सासूबाई पथ्य काटेकोर सांभाळतात. हरभऱ्याची डाळ, वाटाणे, पावटे, कोबी, वांगं, बटाटा हे सगळं वातूळ म्हणून बंद आहे. ते मी निमूटपणे पाळलं. पण मागच्या महिन्यात नणंदेने एक व्हिडिओ पाठवला. आई जी धान्यं आणि भाज्या खाते त्यांचे 'जनुकीय रेणू' तिच्या दुधात सापडले आहेत आणि ते बाळाची जनुकं बदलतात, हे परदेशात सिद्ध झालंय, असं त्यात म्हटलंय. भातातला एक रेणू कोलेस्टेरॉल वाढवतो असंही आहे. सासऱ्यांची बायपास झालेली, त्यामुळे कोलेस्टेरॉल म्हटलं की आमच्याकडे सगळे घाबरतात. भात बंद झाला. मग सरकीचं तेल बंद झालं, कारण कापूस 'जीएम' म्हणजे जनुकं बदललेला असतो. आता मी ज्वारीची भाकरी, दुधी नाहीतर पडवळ, मुगाच्या डाळीचं पाणी आणि तूप एवढ्यावर आहे. दुपारी चारच्या सुमाराला पोटात खड्डा पडतो. मी कॉमर्सची, मला यातलं कळत नाही. नवरा इंजिनिअर आहे. तो म्हणतो की हे शोधनिबंध खरोखर छापून आलेत, त्याने ते पाहिलेत. व्हिडिओच्या शेवटी दूध 'शुद्ध' करणारी एक पावडर दाखवली आहे, ती मागवायचं चाललंय. मला तर वाटायला लागलंय की डब्याचं दूध सुरू करावं, म्हणजे निदान माझ्या खाण्याचा बाळाला त्रास नको. काय करू?

— एक आई, नाशिक

*

अगं, आज रात्रीच्या जेवणात भात खा. वरण घट्ट घे, नुसतं वरचं पाणी नको. पावडर मागवू नकोस आणि डब्याचं दूध आणू नकोस. बाकीचं बाळ झोपलं की सावकाश वाच आणि मग नवऱ्यालाही वाचायला दे. त्याने शोधनिबंध पाहिलेत हे खरं आहे. तेव्हा ते निबंध काय सांगतात आणि काय सांगत नाहीत, हे त्याच्याशीही नीट बोललं पाहिजे.

व्हिडिओत ज्यांना जनुकीय रेणू म्हटलंय ते म्हणजे मायक्रोआरएनए. ही आरएनएची अगदी आखूड साखळी असते, साधारण बावीस अक्षरांची. आपल्या प्रत्येक पेशीत डीएनए म्हणजे पाककृतींची एक जाडजूड वही आहे असं समज. ती वही कपाटातून बाहेर निघत नाही. जो पदार्थ करायचा त्याची तेवढी एका चिठ्ठीवर, म्हणजे आरएनएवर, नक्कल होते आणि ती चिठ्ठी ओट्यापर्यंत जाते. मायक्रोआरएनए त्या चिठ्ठीला चिकटतो आणि तो पदार्थ कमी केला जातो किंवा होतच नाही. वहीतलं एकही अक्षर त्याने बदलत नाही. व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकन यांनी १९९३ मध्ये एका मिलिमीटरभर लांबीच्या कृमीत हे पहिल्यांदा दाखवलं आणि त्याबद्दल २०२४ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. म्हणजे विषय पोकळ नाही, मोठा आहे. पण 'बाळाची जनुकं बदलतात' हे वाक्य चूक आहे. ते ज्याने लिहिलं त्याला एकतर विषय कळला नाही किंवा तुला घाबरवायचं होतं.

आईच्या दुधात मायक्रोआरएनए असतात, आणि तेही शेकडो प्रकारचे. ते तुझे स्वतःचे, तुझ्या स्तनातल्या पेशींनी तयार केलेले असतात. त्यातले पुष्कळसे स्निग्ध आवरणाच्या अतिसूक्ष्म पुड्यांमध्ये बांधलेले असतात, त्यांना एक्सोसोम म्हणतात. त्यामुळे दुधात मायक्रोआरएनए आहेत हे ऐकून दचकायचं कारण नाही. प्रश्न एवढाच की त्यात तू खाल्लेल्या भाताचे, भाकरीचे, भाजीचेही आहेत का, आणि असले तर ते बाळाच्या अंगात काही करतात का.

भाताची गोष्ट चीनमधली आहे. नानजिंग विद्यापीठातल्या झांग चेन-यू यांच्या गटाने २०११ च्या सप्टेंबरमध्ये जाहीर केलं की तांदळातला एमआयआर-१६८ए नावाचा मायक्रोआरएनए चिनी माणसांच्या रक्तात सापडला. पुढे जाऊन त्यांनी असंही म्हटलं की तो उंदरांच्या यकृतात पोचतो, रक्तातलं एलडीएल, म्हणजे ज्याला वाईट म्हणतात ते, कोलेस्टेरॉल उचलून घ्यायला मदत करणारं एक प्रथिन कमी करतो आणि त्यामुळे एलडीएल वाढतं. जगभर खळबळ उडाली. ताटातलं झाड माणसाच्या जनुकांना हुकूम देतं ही कल्पनाच तशी विलक्षण होती. तुझ्याकडे आलेला व्हिडिओ याच निबंधावर उभा आहे, आणि तो निबंध आला त्यानंतर काय झालं हे व्हिडिओ सांगत नाही.

त्यानंतर बऱ्याच प्रयोगशाळांनी तोच प्रयोग करून पाहिला. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या एका गटाने उंदरांना भात खाऊ घातला. त्यांच्या रक्तात आणि यकृतात तांदळाचा मायक्रोआरएनए जवळपास सापडलाच नाही. एलडीएल मात्र वाढलं, आणि त्याचं कारण त्यांनी दिलं ते साधं आहे: नुसता भात खाणाऱ्या उंदराचा आहार असमतोल होतो. हा प्रयोग मोन्सँटो या बियाण्यांच्या कंपनीच्या शास्त्रज्ञांनी केला होता आणि आरएनएवर आधारित पिकांमध्ये त्या कंपनीचा स्वार्थ होता. हे तुझ्या नवऱ्याच्या लक्षात येईलच, म्हणून मीच सांगते. पण त्याच वर्षी कंपनीशी संबंध नसलेल्या विद्यापीठांतल्या संशोधकांनीही तपासलं. बॉस्टनच्या गटाने फळं खाल्लेल्या निरोगी खेळाडूंचं रक्त पाहिलं, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या केनेथ विटवर यांच्या गटाने माकडांना वनस्पतींनी भरलेलं पेय पाजून त्यांचं रक्त पाहिलं. दोन्हीकडे निष्कर्ष एकच: भरवशाने मोजता येईल असं काही रक्तात उतरलेलं दिसत नाही.

आता दुधाकडे येऊ, कारण तुझा खरा घोर तो आहे. पोलंडमध्ये वॉर्सातल्या ॲना लुकासिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी मातांच्या दुधात वनस्पतींचे पाच मायक्रोआरएनए शोधले. हा निबंध २०१८ चा, आणि तुझ्या नवऱ्याने बहुधा हाच पाहिला असावा. पाचही दुधात सापडले. एक्सोसोमच्या पुड्यांमध्ये मात्र दोनच. प्रमाण होतं ४ ते ७०० फेम्टोमोलर. हा शब्द व्हिडिओत आला असेल तर भारदस्त वाटला असेल. त्याचा हिशेब करून दाखवते. सगळ्यात मोठा आकडा, म्हणजे ७००, धरला तरी एक लिटर दुधात त्या रेणूचं वजन भरतं साधारण ५ नॅनोग्रॅम. एका ग्रॅमचे शंभर कोटी भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे नॅनोग्रॅम. तुझं बाळ दिवसाला पाऊण लिटरच्या आसपास दूध पीत असेल. त्यातला प्रत्येक रेणू पोटातल्या आम्लातून आणि पाचकरसातून सहीसलामत सुटला आणि शरीरभर सारखा वाटला गेला असं मानलं, तरी बाळाच्या सात-आठ पेशींमागे एक रेणू येईल. मायक्रोआरएनएला पेशीत काही फरक पाडायचा तर एकाच पेशीत त्याच्या शेकडो प्रती लागतात.

आणि बाळावर परिणाम होतो ते? तो भाग त्या निबंधात आहे, पण तो संगणकावर केलेला अंदाज आहे. या रेणूची अक्षरं माणसाच्या कुठल्या चिठ्ठ्यांशी जुळू शकतील, याची यादी. कुठल्याही बाळात काही मोजलेलं नाही. लेखकांनीही 'कदाचित परिणाम करू शकतील' असंच लिहिलं आहे. व्हिडिओने त्यातलं 'कदाचित' गाळलं आणि तुझ्या ताटातला भात गेला.

मुळात ते रेणू आईच्या जेवणातूनच दुधात आले का, यावरही मोठा वाद आहे, आणि मला तो या सगळ्यातला सर्वांत शिकण्यासारखा भाग वाटतो. कोविडच्या वेळी आरटी-पीसीआर आपण सगळ्यांनी केली. ही मोजणीही त्याच पद्धतीने होते. नमुन्यातला रेणू दर फेरीला दुप्पट करत जातात, चाळीस फेऱ्यांत तो लाख कोटी पटीच्याही वर जातो. इतक्या नाजूक चाचणीला दुधातला रेणू कोणता आणि हवेतून, हातावरून, बाटलीच्या झाकणावरून आलेला कणिकेचा कण कोणता, हे सांगता येत नाही. पिठाचा एक कण पुरतो. २०१६ मध्ये तुर्कस्तानातल्या इझमीरच्या दोन संशोधकांनी आईच्या दुधातल्या वनस्पती-मायक्रोआरएनएची आधीची माहिती पुन्हा तपासली आणि ते चाचणीतले आभास आहेत असा निष्कर्ष काढला. २०१७ मध्ये माणसांच्या ऊती आणि शरीरद्रवांच्या आठशेहून अधिक माहितीसंचांची एकत्र छाननी झाली. परके मायक्रोआरएनए जेवणातून येत असतील तर यकृतासारख्या अवयवात ते जास्त दिसायला हवेत, कारण पचलेलं बहुतेक आधी यकृतात जातं. आणि मेंदूभोवतीच्या पाण्यात कमी दिसायला हवेत. तसा फरक दिसलाच नाही. शरीरद्रवांत सापडलेल्या परक्या मायक्रोआरएनएपैकी ८१ टक्के तर उंदीरवर्गीय प्राण्यांचे निघाले. उंदीर कोणी जेवत नाही, पण प्रयोगशाळेत ते सगळीकडे असतात.

आणखी एक प्रयोग तुला सांगायलाच हवा, कारण तो थेट आई आणि पिल्लाचा आहे. झुरिकमध्ये २०१५ साली ठरावीक मायक्रोआरएनए शरीरात बनतच नाहीत अशी उंदराची पिल्लं घेतली आणि ती सर्वसाधारण आईला पाजायला लावली. तिच्या दुधात ते मायक्रोआरएनए भरपूर होते. पिल्लांच्या आतड्यात, रक्तात, यकृतात ते उतरलेले दिसले नाहीत. आईचे स्वतःचे, दुधात मुबलक असलेले रेणूच जिथे पार होत नाहीत, तिथे भाताच्या नॅनोग्रॅमची काय कथा.

वाद अजून मिटलेला नाही हेही खरं. नानजिंगच्या गटाने २०२१ मध्ये जठरात असे रेणू आत घेणारं एक प्रथिन दाखवलं, आल्यातल्या सूक्ष्म पुड्या आतड्यातल्या जीवाणूंवर परिणाम करतात असंही काम झालंय. मला स्वतःला या विषयाचं मनापासून कुतूहल आहे आणि यातून पुढे काही चांगलं निघालं तर आनंदच होईल. पण इतक्या कच्च्या ज्ञानावर कुठल्याही बाळंतिणीच्या ताटातला एक घासही कमी करणं मला मान्य नाही.

घरच्यांना एकच गोष्ट सांगायची असेल तर ही सांग. भात सोडून तू ज्वारी धरलीस. एमआयआर-१६८ हा काही एकट्या तांदळाचा नाही. वनस्पतीच्या स्वतःच्या कारभाराला तो लागतो, म्हणून तो ज्वारीतही आहे. तांदळातल्या आणि ज्वारीतल्या त्या रेणूची अक्षरंसुद्धा सारखीच आहेत. पोलंडच्या निबंधातले इतर रेणूही असेच वनस्पतींमध्ये सर्वत्र आढळतात. ते टाळायचे तर पानात फक्त तूप उरेल. आणि सरकीच्या तेलाचं म्हणशील तर बीटी या जीएम कापसाला आपल्याकडे २००२ मध्ये परवानगी मिळाली हे बरोबर, पण शुद्ध केलेलं तेल म्हणजे निव्वळ स्निग्ध पदार्थ. त्यात जनुकीय माल जवळपास राहतच नाही. शेंगदाण्याचं तेल आवडत असेल तर ते वापर, चवीसाठी. भीतीपोटी नको.

हे झालं व्हिडिओचं. आता मला ज्याची खरी काळजी वाटते त्याकडे येते. तू जे खातेस त्यातलं दुधात काहीच उतरत नाही असं नाही. उतरतं, आणि त्याचा बाळावर परिणामही होतो. फक्त ते रेणू वेगळे आहेत, जुने आहेत, त्यांच्यावर कोणी व्हिडिओ करत नाही.

वासापासून सुरुवात करू, कारण ही आनंदाची बाब आहे. फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेत ज्युली मेनेला यांनी १९९१ मध्ये पाजणाऱ्या आयांना लसणाच्या गोळ्या दिल्या. दोनेक तासांनी दुधाला लसणाचा वास सर्वात जास्त आला, आणि बाळं नाक मुरडायच्या ऐवजी अंगावर जास्त वेळ राहिली. पुढे गाजराच्या रसावरही तसंच काम झालं. आयांनी गरोदरपणात किंवा पाजताना गाजराचा रस घेतला होता, त्यांच्या मुलांनी वरचं खाणं सुरू झाल्यावर गाजराच्या चवीची पेज जास्त खुशीने खाल्ली. म्हणजे तू आज मेथी, लसूण, शेपू खाशील तर दोन महिन्यांनी बाळाला त्या चवी ओळखीच्या लागतील. सध्या त्याला दुधी आणि पडवळच माहीत होतंय.

आता जीवनसत्त्वं. कॅल्शियम आणि लोह यांचं दुधातलं प्रमाण तुझं खाणं कमी झालं तरी फारसं हलत नाही. शरीर तुझ्या हाडांतून, तुझ्या साठ्यातून काढून बाळाला देतं आणि झीज तुझी होते. पण ब-१, ब-१२, अ जीवनसत्त्व, आयोडीन, डीएचए (मेंदूला लागणारा एक स्निग्ध घटक) यांचं तसं नाही. आईला कमी तर दुधात कमी, आणि दुधात कमी तर बाळाला कमी.

ब-१ म्हणजे थायमिन. याबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण पथ्याच्या नावाखाली ताट लहान होत गेलं की काय होतं ते यात उघड दिसतं. लाओस, कंबोडियापासून आपल्याकडे काश्मीर आणि कर्नाटकापर्यंत डॉक्टरांनी हे पाहिलं आहे. बाळंतिणीला महिनोन्‌महिने पॉलिश केलेल्या तांदळाचा भात आणि त्याच्या जोडीला नावापुरतं काहीतरी, एवढंच दिलं जातं. डाळी, कडधान्यं, शेंगदाणे, भाज्या बंद. बाळ फक्त अंगावरच्या दुधावर. दोन-तीन महिन्यांचं होईपर्यंत सगळं छान, आणि मग अचानक उलट्या, दूध न पिणं, रडण्याचा आवाज बसणं, धाप, हृदयावर ताण. अशी बाळं अतिदक्षता विभागात येतात. डॉक्टरांच्या मनात थायमिन आलं आणि इंजेक्शन दिलं तर कित्येक बाळं तासाभरात सावरू लागतात. मनात आलं नाही तर दगावतात. त्या आयांनीही पथ्य मन लावून पाळलेलं असतं.

तुझं बाळ ठणठणीत आहे, वजन वाढतंय, तू ज्वारी आणि थोडं का होईना मूग खातेस. तुझ्या घरी उद्या असं होईल असं मी म्हणत नाही. पण तुझं ताट त्याच वाटेने लहान होत चाललंय. वातूळ म्हणून एक यादी गेली, कोलेस्टेरॉल म्हणून दुसरी, जीएम म्हणून तिसरी. थायमिन असतं डाळींमध्ये, मटकी-चवळी-हरभऱ्यात, शेंगदाण्यात, तिळात, बाजरीत, हातसडीच्या तांदळात. भात वेळून पेज फेकून दिली तर त्यातलं बरंचसं निघून जातं, म्हणून भात बेताच्या पाण्यात, ते जिरवूनच करा आणि तांदूळ पाच-सहा पाण्यांनी धुऊ नका.

ब-१२ ची गोष्ट तर आपल्या शेजारचीच. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांतल्या माता आणि मुलांचा अभ्यास करत आले आहेत. त्यांना तिथल्या निम्म्याहून अधिक गरोदर बायकांत ब-१२ कमी आढळलं. वनस्पतींत ब-१२ नसतंच. शाकाहाऱ्यांना ते मिळतं दूध, दही, ताक, पनीर यांतून, आणि तुझ्या यादीत दूध-दही मला कुठे दिसलं नाही. तुपात ते नाही. आईला ब-१२ ची फार कमतरता असेल आणि बाळ फक्त अंगावर पीत असेल तर बाळ फिकट पडतं, मलूल होतं, बोटांची पेरं काळवंडतात, हसायला किंवा मान धरायला शिकलेलं विसरतं, काही बाळांना कंप सुटतो. वेळेत कळलं तर उपचार स्वस्त आणि सोपा आहे. म्हणून या आठवड्यात तू स्वतःची ब-१२ आणि हिमोग्लोबिनची तपासणी करून घे. पावडरीला जे पैसे जाणार होते त्यातून ही तपासणी होऊन जाईल.

वातूळ पदार्थांबद्दल आता थोडक्यात. हरभऱ्याच्या डाळीने गॅस होतो तो आतड्यात न पचलेल्या भागावर जीवाणू काम करतात म्हणून, आणि तो गॅस त्याच आतड्यात राहतो. तो रक्तातून स्तनात जात नाही. तुला स्वतःला पोट फुगल्यासारखं होत असेल तर कमी खा. बाळासाठी सोडायची गरज नाही. आईच्या खाण्यातलं बाळाला खरोखर बाधतं असं सर्वांत ठाऊक असलेलं कारण म्हणजे गाईच्या दुधातलं प्रथिन, तेही मोजक्या बाळांना, आणि त्यात बाळाच्या शीमध्ये रक्ताचे धागे दिसतात. तसं दिसलं तरच आणि डॉक्टरांनी सांगितलं तरच दूध-दही बंद करायचं. नुसतं संध्याकाळचं रडणं म्हणजे ते नव्हे.

सासूबाईंशी भांडू नकोस. त्यांनी चार महिने तुझं पथ्य सांभाळलं, तुला गरम गरम वाढलं, त्यात माया आहे. आणि त्यांच्या पोतडीत चांगलंही खूप आहे. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, मेथीचे लाडू, शेपूची भाजी, खारीक-खोबरं, जेवणानंतर बाळंतशेपा हे सगळं त्यांच्याकडे हक्काने माग. या पदार्थांनी दूध वाढतं याचा पुरावा बेताचाच आहे. दूध वाढतं ते बाळ वरचेवर आणि नीट चोखतं म्हणून. पण अळिवात लोह आहे, डिंकाच्या लाडवात तूप-खोबऱ्याची ताकद आहे, आणि तुला सध्या ताकदीची फार गरज आहे. पहिले सहा महिने पाजणाऱ्या बाईला रोज सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात असं आपली हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था सांगते. दुपारी चारला पोटात पडणारा खड्डा तोच आहे. त्या वेळेला मूठभर शेंगदाणे आणि गूळ, नाहीतर लाडू आणि कपभर दूध. सकाळी मेतकूट-तूप-भात किंवा थालीपीठ-दही, दोन्ही जेवणांत घट्ट डाळ किंवा उसळ, एक पालेभाजी, वाटीभर दही, भाकरी आणि भात तुला हवा तेवढा. मीठ आयोडीनयुक्त आहे ना ते पाकिटावर बघ. सैंधव वापरत असाल तर पाजतेस तोपर्यंत तरी साधं आयोडीनयुक्त मीठ घे.

डब्याच्या दुधाचं तू जे लिहिलंस त्याने मला सर्वांत वाईट वाटलं, कारण ते तू बाळावरच्या मायेने लिहिलंस. आपलं दूधच बाळाला बाधतंय असं एका आईला वाटायला लावणं हा त्या व्हिडिओचा सर्वांत मोठा अपराध आहे. डब्यातली पावडर गाईच्या दुधापासून आणि वनस्पती तेलांपासून बनते. परके रेणू टाळायला म्हणून ती आणणं यात काही अर्थ नाही. तुझ्या दुधातली रोगप्रतिकारक द्रव्यं तिच्यात नाहीत. आपल्या देशात १९९२ च्या कायद्याने या पावडरींची जाहिरात करायला बंदी आहे आणि आईचं दूध बाळासाठी सर्वोत्तम असल्याचं डब्यावर छापावं लागतं. सहा महिने पूर्ण होईपर्यंत अंगावरचंच पाज, त्यानंतर वरचं सुरू झालं तरी पाजत राहा. आणि 'दूध शुद्ध करणारी' पावडर म्हणशील तर अशुद्ध असं तुझ्या दुधात काही नाहीच. त्या पुडीत काय काय घातलंय हे कोणी तपासलेलं नसतं, आणि ते मात्र तू गिळणार. आधीच मागवली असेल तर परत पाठवा, फोडू नका.

नवऱ्याला एक काम सांग. त्याने पाहिलेला निबंध पुन्हा उघडावा आणि त्यात किती बाळांची तपासणी केली आहे ते शोधावं. मग तोच आपल्या आईशी बोलेल. सुनेने सांगण्यापेक्षा मुलाने सांगितलेलं आपल्या घरांत लवकर मुरतं. सासरे बायपासनंतर कमी तेलाचं जेवत असतील तर ते त्यांच्यासाठी योग्य आहे, पण ते त्यांचं पथ्य, तुझं नाही.

बाळाच्या डॉक्टरांकडे जाशील तेव्हा वजनाचा तक्ता घेऊन जा आणि ड जीवनसत्त्वाचे थेंब नीट चालू आहेत ना हे त्यांना विचारून घे. वर्षभर रोज ४०० युनिट द्यावेत अशी आपल्या बालरोगतज्ज्ञ संघटनेची शिफारस आहे, आणि आईचं खाणं कितीही चांगलं असलं तरी ते दुधातून पुरेसं मिळत नाही. तुझ्या ब-१२ चा आकडा २०० पिकोग्रॅमच्या खाली आला तर तो कागदही त्यांनाच दाखव, म्हणजे तुझ्या गोळ्या किंवा इंजेक्शनबरोबर बाळाला काही द्यायचं का ते एकाच भेटीत ठरेल. चवळीची उसळ मात्र तपासणीसाठी थांबवू नकोस, सासूबाईंना ती आजच भिजत घालायला सांग.